गालाच्या कॅन्सरचं रेडिएशन, नाकातली नळी आणि अन्ननलिकेतला स्टेंट: घरची शुश्रूषा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, वजन ५२ किलो. डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मांडीची कातडी लावून गाल बनवला, टाके वाळले. आता ३० पैकी १३ रेडिएशन झाली आहेत, सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिनची केमो. तोंड आतून सोललं आहे, लाळ तारेसारखी चिकट झाली आहे, खाणं बंद झालं म्हणून नाकातून नळी टाकून घरी पाठवलं आहे. घरी नेमकं काय करायचं? शिवाय मावशींना अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी स्टेंट बसवला आहे, त्यांनाही हीच काळजी चालेल का?

आधी वडिलांचं. पुढची सगळी धडपड कशासाठी करायची ते पहिल्यांदा लक्षात घ्या. या उपचारात वेळापत्रक औषधाइतकंच महत्त्वाचं असतं. आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे, हा क्रम मोडला की उरल्यासुरल्या पेशींना वाढायला सवड मिळते. उपचार जितके दिवस लांबतो, तितका रोज साधारण एक टक्क्याच्या आसपास आजार काबूत राहण्याची शक्यता कमी होते, असं मानलं जातं. सिटिंग चुकतात त्या बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, तर तोंड सोललं, अंगात त्राण नाही, ताप आला म्हणून. म्हणजे तोंड स्वच्छ ठेवणं आणि नळीतून पोटभर देणं हाच तुमच्या वाट्याचा उपचार आहे. ‘आता एवढं तोंड आलंय तर चार दिवस थांबू या’ हा निर्णय घरी घेऊ नका.

पुढे काय होणार तेही माहीत असू द्या. तोंड दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लाल होतं, तिसऱ्यात पांढरट पापुद्रे धरतात, पाचवा-सहावा आठवडा सर्वांत वाईट. शेवटची सिटिंग झाल्यावरही आठवडा-दहा दिवस तसंच राहतं किंवा थोडं वाढतं, मग दोन ते चार आठवड्यांत भरून येतं, कधी जास्त वेळ लागतो. उपचार संपला तरी तोंड का सुधारत नाही, या काळजीने त्या दहा दिवसांत लोक नको ते घरगुती उपाय सुरू करतात.

चूळ भरण्याचं पाणी घरीच करा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर चालणार नाही, धुण्याचा सोडा तर नाहीच. फार झोंबलं तर आधी मीठ निम्मं करा, सोडा तसाच ठेवा, कारण चिकट लाळ सैल करण्याचं आणि तोंडातली आंबटता कमी करण्याचं काम सोडा करतो. रोज ताजं पाणी. जागेपणी दर दोन तासांनी, रात्री जाग येईल तेव्हा एकदा. अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंकायचं, गिळायचं नाही. गाल शिवलेला असल्यामुळे पाणी खेळवता येत नसेल तर खुर्चीत पुढे वाकून बसवा, हनुवटीखाली भांडं धरा आणि १० मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतून हळूहळू धार सोडा. धार घशाच्या दिशेने कधीच नको. डोकं मागे टेकवून तोंडात पाणी घातलं की ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं.

नळी बसल्यावर सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘आता तोंडाने खात नाहीत, मग तोंड कशाला धुवायचं?’ खरं तर उलट आहे. चावणं बंद आणि लाळ कमी, त्यामुळे तोंड आपोआप साफ होत नाही. जंतू वाढतात आणि झोपेत तीच घाण लाळ थेंबाथेंबाने फुप्फुसात उतरते. नळीच्या पेशंटला होणाऱ्या न्यूमोनियामागे हे मोठं कारण असतं.

दिवसातून दोनदा अगदी मऊ ब्रश, लहान मुलांचा चालेल, वापरण्याआधी कोमट पाण्यात मऊ करून. फ्लोराइडची, फेस कमी येणारी पेस्ट वाटाण्याएवढी. पुदिन्याच्या झणझणीत पेस्ट बंद. ब्रशही सहन होत नसेल तर बोटाला ओलं गॉझ गुंडाळून दात आणि हिरड्या पुसा, जखमेवर मात्र घासू नका. कवळी असेल तर या दिवसांत ती शक्यतो डबीतच राहू दे, निदान रात्री तरी.

मांडीची कातडी लावलेला भाग टॉर्च लावून रोज बघा. तो तोंडात असला तरी कातडीच आहे, त्याला स्पर्श आणि चटका कळत नाही. त्याच्या कडेच्या खाचेत औषधाचे कण, पापुद्रे साठतात आणि वास येऊ लागतो, पण पेशंटला पत्ता नसतो. सिरिंजची धार तिथे मुद्दाम न्या. उद्या तोंडाने खायला लागल्यावर गरम वरणाचा चटका बसला तरी त्यांना कळणार नाही, म्हणून सगळं कोमट.

पांढरं दिसलं की खरवडायचं नाही. रेडिएशनचा पांढरा पापुद्रा जिथे किरण पडतात त्याच बाजूला असतो आणि पुसून निघत नाही. बुरशीचे ठिपके मात्र दह्याच्या कणांसारखे असतात. ते जिभेवर, टाळ्यावर, न शेकलेल्या बाजूलाही दिसतात, पुसले तर निघतात आणि खाली लाल भाग उरतो. मधुमेह असेल तर बुरशीची शक्यता आणखी वाढते. अशा वेळी क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल लागतं. ते डॉक्टर बघून देतील, तुम्ही फक्त मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

बाटलीतल्या माउथवॉशबद्दल माझं मत कडक आहे. अल्कोहोल असलेला कुठलाही नको. क्लोरहेक्सिडीन दातांच्या इतर आजारांत चांगलं, पण रेडिएशनमुळे तोंड येणं त्याने टळत नाही. बेंझिडामाइन (दुखणं आणि सूज कमी करणारी चूळ) उपयोगी पडतं. झोंबलं तर तेवढंच पाणी मिसळून वापरता येतं. बोरोग्लिसरीन अजून कित्येक वॉर्डांत आणि नर्सिंगच्या वह्यांत टिकून आहे, पण ग्लिसरीन पाणी ओढून घेतं आणि कोरडं तोंड आणखी कोरडं पडतं. लिंबू लावलेले बोळे तर जखमेवर आम्ल. मधाचा विषय नेहमी निघतो. त्याचा फायदा काही अभ्यासांत दिसला आहे आणि तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही तो सुचवला आहे, पण लाळ नसलेल्या तोंडात साखर राहिली की दात झपाट्याने किडतात आणि मधुमेह असेल तर वेगळाच गोंधळ. डॉक्टरांना विचारूनच.

दुखणं सहन करण्यात काही मोठेपणा नाही, त्याने फक्त गिळणं आणि तोंड उघडणं बंद पडतं. दिलेलं औषध वेळच्या वेळी द्या, कळ उठायची वाट बघू नका. लिग्नोकेनचं पातळ औषध तोंड बधिर करतं, पण ते घशापर्यंत गेलं की ठसका येण्याची जाणीवही बधिर होते. त्यानंतर साधारण तासभर तोंडाने घास-घोट देऊ नका. ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवण्याची सवय काहींना असते, त्याने तिथे भाजतं. मॉर्फिन सुरू झालं असेल तर पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून हवं, चार दिवस कोठा जड झाल्यावर नाही.

आता नळी. नाकाच्या कडेला जिथे ती बाहेर येते तिथे पेनाने खूण असते. नसेल तर उद्या रेडिएशनला जाल तेव्हा करून घ्या आणि त्या जागेवरचा आकडा वहीत लिहा. प्रत्येक वेळी फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) देण्याआधी खूण जागेवर आहे का, नळी घशात गुंडाळलेली दिसत नाही ना, खोकला नाही ना, हे बघा. सिरिंजने थोडं ओढून पोटातला रस येतो का ते पाहा. हॉस्पिटलने आम्लता तपासण्याच्या पट्ट्या दिल्या असतील तर त्या रसाचा पीएच ५.५ किंवा कमी हवा. आम्ल कमी करणारी औषधं चालू असतील तर तो जास्तही दिसतो. नळीत हवा भरून पोटावर कान लावणं किंवा टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं, या दोन्ही जुन्या पद्धतींवर विश्वास ठेवू नका. नळी फुप्फुसात असतानाही पोटावर आवाज ऐकू येऊ शकतो. शंका आली तर फीड नाही, सरळ फोन.

फीड देताना पेशंट बसलेला किंवा डोकं-पाठ ३० ते ४५ अंश उचललेली, आणि नंतरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच. ५० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढलेली. आधी ३० मिली कोमट पाणी, मग २०० ते २५० मिली फीड आपल्या वजनाने १५ ते २० मिनिटांत उतरू द्यायचं, शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. घाई झाली की लोक दट्ट्याने ढकलतात, मग पोट फुगतं, उलटी होते आणि ‘नळीतलं पचत नाही’ असा शिक्का बसतो. जुलाबाचंही तसंच. बहुतेक वेळा कारण फार थंड फीड, फार वेगाने दिलेलं फीड किंवा सकाळी करून दुपारी दिलेलं फीड असतं. करून ठेवलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, फ्रिजमध्ये २४ तास. फ्रिजमधलं देताना बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करा.

किती द्यायचं? किलोमागे ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हा ढोबळ हिशोब. वडिलांना दिवसाला साधारण १५५० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ७८ ग्रॅम प्रथिनं लागतील. नुसतं वरणाचं पाणी, नारळपाणी आणि फळांचा रस यावर बहुतेक घरं थांबतात. नळी रोज सहा वेळा भरते आणि वजन तरी उतरत जातं ते यामुळे. एक चालणारा हिशोब असा: एक लिटर टोन्ड दूध (सुमारे ६०० कॅलरी), तीन उकडलेली अंडी, ५० ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून, ६० ग्रॅम नाचणीचं सत्व, दिवसभरात विभागून ४० मिली तेल आणि ४० ग्रॅम साखर. एकूण साधारण १६५० कॅलरी आणि ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मधुमेह असेल तर साखर वगळा आणि आहारतज्ज्ञांकडून आकडे बदलून घ्या. अंडी चालत नसतील तर दुधाची पावडर, पातळ केलेलं पनीर, सोयाबीनचं पीठ. अंडं कच्चं कधीच नको.

सत्व मोड आणलेल्या नाचणीचंच घ्या. मोड येताना तयार होणारं पाचक द्रव्य पिष्ट फोडतं, त्यामुळे त्याची पेज पातळ राहते. साध्या पिठाची पेज गार झाली की घट्ट होते आणि नळी तुंबते. सगळं मिक्सरमधून बारीक करून वस्त्रगाळ करा, चहाच्या गाळणीवर भागत नाही.

फीड आणि वरचं पाणी मिळून दिवसाला दोन ते अडीच लिटर जायला हवं, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. वडिलांच्या बाबतीत पाण्याला वेगळं महत्त्व आहे. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला मारक असतं आणि अंगात पाणी कमी असलं की जास्तच. लघवी कमी, गडद झाली किंवा सात-आठ तास झालीच नाही तर पुढच्या केमोची वाट बघत बसू नका. उलट्या आणि जुलाबाच्या दिवशी तर हे आवर्जून बघा.

गोळ्या एकत्र कुटून फीडमध्ये कालवू नका. एक गोळी, बारीक पूड, १५ मिली पाणी, मग नळीत १० मिली पाणी, मग दुसरी. पँटोप्राझोलसारख्या वेष्टणाच्या गोळ्या कुटल्या की पोटातल्या आम्लात फुकट जातात. हळूहळू सुटणारी मॉर्फिनची गोळी कुटली तर बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो आणि श्वास थांबू शकतो. कुठली गोळी कुटायची आणि कुठली नाही याची यादी फार्मासिस्टकडून लिहून घ्या, सिरप मिळत असेल तर सिरप मागा.

नळी तुंबली तर ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलकेच आत-बाहेर करा, पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा. लहान सिरिंजने जोर लावू नका, तिचा दाब जास्त असतो आणि नळी फाटते. तार तर अजिबात घालू नका. नळी निघून आली तर घरी परत टाकायची नाही, ओळखीच्या कंपाउंडरकडूनही नाही. नाकावरची चिकटपट्टी रोज बदला. नळी नाकपुडीच्या वरच्या कडेवर ताणली गेली तर तिथे जखम होते, म्हणून ती सरळ खाली लोंबेल अशी चिकटवा.

गिळायला परवानगी असेल तर नळी असूनही दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन चमचे गिळवून घ्या. घशाचे स्नायू सहा-आठ आठवडे बिनकामाचे राहिले की नळी काढणं अवघड होतं. ताठ बसून, हनुवटी छातीकडे झुकवून, एक घोट, दोनदा गिळणं. गिळल्यावर ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज ओला, घुरघुरता आला तर घोट वरच अडकला आहे, तिथेच थांबा. काहींना श्वासनलिकेत गेलं तरी ठसकाच येत नाही. संध्याकाळी येणारा ताप आणि वाढलेला कफ एवढीच खूण मिळते.

जबडा. तीन बोटं एकावर एक ठेवून दातांमध्ये जायला हवीत, म्हणजे साधारण ३५ मिलीमीटर. त्यापेक्षा कमी होत चाललं तर आजपासूनच व्यायाम, दुखणं थांबायची वाट न बघता. पहिलीच वेळ सर्जनना दाखवून घ्या. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दाढांमध्ये ठेवून ३० सेकंद, पाच वेळा, दिवसातून चारदा, आठवड्याला एखादी काडी वाढवत. हे रेडिएशननंतरही कित्येक महिने चालू ठेवायचं असतं, कारण ऊती आखडणं तेव्हाच जोर धरतं. सुपारी खाऊन आधीच तोंड कमी उघडत असेल तर दुप्पट चिकाटी लागेल.

शेकलेल्या भागातला दात उपचारानंतर कुठल्याही दवाखान्यात उपटून घेऊ नका. खालच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, उपटलेली जागा भरून न येता हाड मरू शकतं. ही खबरदारी पाच वर्षांनीही लागू आहे. दातांच्या डॉक्टरांना रेडिएशनचा कागद दाखवा आणि फ्लोराइड कायमचं सुरू ठेवा.

तंबाखू सोडली म्हणतात तेव्हा मशेरीबद्दल वेगळं विचारा. ती ‘दात घासायची’ म्हणून घरात कोणी तंबाखूत मोजत नाही. मावशींनाही विचारा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुडी तरीही मिळते हे तुम्हाला मी सांगायला नको.

तातडीने न्यायच्या गोष्टी: १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस ताप (केमो चालू असताना पॅरासिटामॉल देऊन वाट बघणं धोक्याचं), श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, आठवड्यात दोन किलो वजन उतरणं, आणि मानेच्या जखमेतून किंवा तोंडातून चमचाभर का होईना लालभडक रक्त. ते आपोआप थांबलं तरी जायचंच. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीची भिंत कमजोर झाली तर आधी असाच थोडा स्राव होतो. मानेतून येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, दाब न सोडता निघा.

मावशींचं गणित वेगळं आहे. मीठ-सोड्याच्या चुळा त्यांना चालतील, द्याच, पण त्यांचा अडथळा तोंडात नाही, छातीत आहे. स्टेंट म्हणजे गाठीतून वाट मोकळी ठेवणारी धातूची जाळी. निरोगी अन्ननलिका घास आवळून खाली ढकलते, जाळी ढकलत नाही. घास आपल्या वजनाने आणि वरून घेतलेल्या पाण्याने खाली उतरतो. म्हणून जेवताना ताठ बसणं, सुपारीएवढा घास, कवळी बसवून पेजेसारखं होईपर्यंत चावणं, दर दोन-तीन घासांनी कोमट पाण्याचा घोट, आणि जेवण संपल्यावर अर्धा ग्लास.

पहिल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, मग गुरगुट्या भात, वरण, मऊ खिचडी, शिरा, दुधात पूर्ण विरघळलेली भाकरी, मऊ उकडलेलं अंडं कुस्करून. पोळीचा तुकडा, पाव, मटणाचे तुकडे, पालेभाजीचे देठ, गवार, शेवग्याची शेंग, मक्याचे दाणे, संत्र्या-मोसंबीच्या फोडी नकोत. पाव आणि पोळी ओलावा धरून गोळा होतात, देठाचे धागे जाळीत गुंततात. जाळी फुलते तेव्हा दोन-तीन दिवस छातीत दुखतं, ते अपेक्षित आहे. अचानक वाढलेलं दुखणं, मानेच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुर, ताप किंवा धाप मात्र अपेक्षित नाही, त्यात अन्ननलिकेला छिद्र पडलेलं असू शकतं.

घास अडकला तर खाणं थांबवा, उभं राहायला सांगा, कोमट पाण्याचे लहान घोट द्या, घरातल्या घरात चालवा. माशाचा काटा अडकल्यावर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला देतात, ते इथे कदापि नको. वरून ढकललेला गोळा अडकलेल्यावर जाऊन बसतो. स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर लगेच, नाहीतर दोन-तीन तासांत वाट मोकळी झाली नाही तर एंडोस्कोपीच्या जागी न्या. पाणी पिताक्षणी दर वेळी खोकला येत असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिकेमध्ये वाट पडली आहे का ते बघावं लागतं, तोवर तोंडाने काहीही नाही. डांबरासारखी काळी शी म्हणजे आतून रक्त. लोहाची गोळी चालू असेल तर तीही काळी करते, ते डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच तसं समजून गप्प बसू नका.

जाळी जठराच्या तोंडापर्यंत गेली असेल तर आम्ल वर येतं. त्यावर तीन उशा हा उपाय नाही. उशांनी कंबरेत घडी पडते आणि पोटावर दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवा. झोपण्याआधी तीन तास जेवण नको. आम्ल कमी करणारी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. नाश्त्यानंतर घेतली तर तिचा जोर कमी पडतो. आणि मावशींच्या इतर गोळ्यांची पिशवी एकदा उलटी करून बघा: पोटॅशियम, लोह, डॉक्सिसायक्लिन आणि हाडांसाठीचं ॲलेंड्रोनेट अन्ननलिकेत रेंगाळलं तर व्रण करतं. त्यांच्या जागी पातळ औषध किंवा दुसरा पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्या.